पाण्याखालीं तगणारें भात

भाताचें रोप पाण्यांत उभें असतें हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे; परंतु तें पाण्याखालीं जगूं शकत नाहीं, ही गोष्ट शहरांत वाढलेल्या पुष्कळ मंडळींच्या ध्यानांत आलेली नसते. मुळें चिखलांत आणि पानें हवेंत, ही भाताची आवडती बैठक. पावसाळ्यांत नदीस पूर येऊन खाचरांवर दोन-तीन हात पाणी चढलें आणि रोपाचा शेंडाही दिसेनासा झाला, कीं सामान्य वाणाचें रोप आठवड्याच्या आंत-बाहेर कुजूं लागतें. पाणी उतरल्यावर शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतो तो केवळ पिवळा, लोळलेला चोथा. बंगाल, ओडिशा, आसाम, बिहार आणि बांगला देश येथील सखल मुलखांत ही विपत्ति कांहीं नवी नव्हे. आशियाखंडांतील भाताची कोट्यवधि एकर जमीन तिच्या टप्प्यांत येते. या विपत्तींतून निघालेली एक वाट, आणि ती शोधतांना वनस्पतीच्या पेशींतील अतिसूक्ष्म घडामोडींचें वाचन कसें उपयोगी पडलें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

ओडिशांतील पूर येणाऱ्या भागांत कांहीं देशी भातें पिढ्यान्‌पिढ्या पेरलीं जात. त्यांचें उत्पन्न बेताचें. पण पाणी चढून दहा-बारा दिवस राहिलें तरी तीं मरत नसत. त्यांतूनच निवड करून काढलेला एक वाण 'एफ. आर. १३ ए' या रुक्ष नांवानें शास्त्रज्ञांच्या दप्तरीं दाखल झाला. 'एफ. आर.' हीं 'पूर सोसणारा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. फिलिपाइन्स देशांत लॉस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तिनें १९७० नंतरच्या दशकांत हजारों वाण पाण्यांत बुडवून पाहिले, तेव्हां त्यांत तगणारे अगदीं थोडे निघाले, आणि त्या थोड्यांत हा ओडिशाचा वाण अग्रभागीं होता.

मग काम सोपें वाटलें. हा वाण घ्यावा, भरघोस पिकणाऱ्या दुसऱ्या वाणाशीं त्याचा संकर करावा, आणि दोघांचे गुण एका रोपांत आणावे. परंतु वारसा अशा निवडक रीतीनें कोणास मिळत नसतो. आजोबांचें सरळ नाक नातवाकडे यावें अशी इच्छा असली तरी त्याबरोबर आजोबांचा संतापही कधीं कधीं येतोच. संकरांतून पूर सोसणारीं रोपें निघालीं खरीं. पण देशी वाणाचे नको असलेले गुणही त्यांच्या मागोमाग आले, आणि शेतकऱ्यांत तीं फारशीं रुजलीं नाहींत. शिजल्यावर जें भात घरांतील बायकांच्या पसंतीस उतरत नाहीं, तें सरकारी शिफारशीच्या जोरावर शेतांत फार दिवस टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. पूर सोसण्याचा गुण नेमका कोठें दडलेला आहे हें कळल्यावांचून तो एकटा उचलून आणणें शक्य नव्हतें.

येथें थोडें थांबून जनुक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत 'डीएनए' नांवाच्या द्रव्याचे लांबच लांब धागे असतात. त्यांस गुणसूत्रें म्हणतात. भातांत गुणसूत्रांच्या बारा जोड्या आहेत. या धाग्यांवर जागोजाग जो मजकूर असतो, ज्यावरून पेशी आपलीं प्रथिनें तयार करते, त्याचे तुकडे म्हणजे जनुकें. भाताचीं जनुकें चाळीस हजारांच्या आसपास धरतात. आतां मौज अशी, कीं मुळाच्या पेशींत, पानाच्या पेशींत आणि फुलाच्या पेशींत हा सारा मजकूर एकच असतो. मग मूळ मुळासारखें आणि फूल फुलासारखें कां? वाचकांनीं आपल्या देवघरांतील फडताळाकडे पाहावें. पोथ्यांचें गांठोडें एकच. पण श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीची कहाणी बाहेर निघते, भाद्रपदांत हरितालिकेची, आणि गरुडपुराण तर सुतकाखेरीज कोणी सोडीत नाहीं. पोथी घरांत असणें निराळें, आणि ती वाचली जाणें निराळें. पेशीचेंही तसेंच आहे. कोणतें जनुक, केव्हां, कोठें आणि किती जोरानें वाचलें जातें, यावर रोपाचें सारें वर्तन अवलंबून असतें. या वाचनासच जनुकाची अभिव्यक्ति म्हणतात.

जनुक वाचलें जातें तेव्हां पेशी त्याच्या मजकुराची एक अल्पायुषी नक्कल काढते. ती संदेशवाहक 'आरएनए' होय. नकला जितक्या अधिक, तितकें तें जनुक अधिक बोलकें. या नकला मोजणें हीच अभिव्यक्तीच्या अभ्यासांतील मुख्य खटपट. ती वाटते तितकी सोपी नाहीं. पान तोडतांच तें द्रवरूप नायट्रोजनांत, म्हणजे शून्याखालीं सुमारें १९६ अंशांच्या थंडींत, गोठवावें लागतें. कारण नकला लवकर विरून जातात, शिवाय तोडल्याच्या धक्क्यानेंही पान नवे संदेश काढूं लागतें, आणि मग पुराचा संदेश कोणता व कात्रीचा कोणता हें कळेनासें होतें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कांचेच्या लहानशा पट्टीवर हजारों जनुकांचे ठिपके मांडून कोणत्या ठिपक्यास किती नकला चिकटतात हें पाहण्याची युक्ति निघाली. २००८ च्या सुमारास सर्व नकला सरसकट वाचून त्यांची मोजदाद करण्याची पद्धति आली. पूर्वीं पीक सुधारणारा मनुष्य दांडा, लोंबी व दाणा पाहून निवड करी. त्याच्या हातीं आतां रोपाच्या आंतील बोलणें ऐकण्याचें साधन आलें.

परंतु ऐकूं येतें तें सर्वच उपयोगाचें नसतें. रोप पाण्याखालीं गेलें, कीं हजारों जनुकांचें वाचन कमीअधिक होतें. आग लागलेल्या वाड्यांत सारींच माणसें ओरडत असतात. त्यांत पहिली हांक कोणी मारली आणि कोणाच्या सांगण्यावरून दरवाजा उघडला, हें शोधून काढणें कठीण. त्यासाठीं शास्त्रज्ञांस दोन्ही टोकांनीं काम करावें लागलें. एकीकडून वंशपरंपरेच्या हिशेबानें जनुकाची जागा आकुंचित करीत आणणें, आणि दुसरीकडून त्या जागीं पुराच्या वेळीं काय वाचलें जातें तें पाहणें.

पहिलें काम डेव्हिड मॅकिल आणि केनोंग झू यांनीं केलें. १९९६ सालीं त्यांनीं दाखवून दिलें, कीं पूर सोसण्याच्या शक्तीचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरील एकाच जागेशीं निगडित आहे. त्या जागेस 'सब-१' असें नांव पडलें. ती जागा अक्षरशः वाचून काढावयास आणखी दहा वर्षें लागलीं. २००६ सालीं झू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्यूलिया बेली-सेरेस व त्यांचे सहकारी यांनीं जाहीर केलें, कीं तेथें शेजारीं शेजारीं एकाच घराण्यांतील जनुकें आहेत: सब-१ए, सब-१बी आणि सब-१सी. शेवटचीं दोन सर्व लागवडीच्या भातांत आढळतात. पहिलें मात्र कांहीं भातांत मुळींच नाहीं, आणि कांहींत असूनही त्याचा पाठ किंचित्‌ निराळा आहे. जुन्या हस्तलिखितांत जसे पाठभेद असतात तसाच हा प्रकार. ओडिशाच्या वाणांत जो पाठ आहे, त्याचें वाचन पाणी चढतांच मोठ्या जोरानें सुरू होतें. संशयास जागा राहूं नये म्हणून संशोधकांनीं तो पाठ प्रयोगशाळेंत एका पूर न सोसणाऱ्या भातांत घातला. तें भात पूर सोसूं लागलें.

आतां हें जनुक करतें तरी काय? पाण्याखालीं गेलेलें रोप गुदमरतें, कारण वायु हवेंत जितक्या वेगानें पसरतात त्याच्या सुमारें दहा हजार पटींनीं मंद ते पाण्यांत पसरतात. रोपाच्या अंगांत इथिलीन नांवाचा वायु नेहमीं थोडाथोडा तयार होत असतो. एरवीं तो हवेंत निघून जातो. पाण्यांत मात्र कोंडतो. हा कोंडलेला इथिलीन म्हणजेच रोपास पूर आल्याची वर्दी. ती मिळतांच सामान्य भात जीव वांचविण्यासाठीं पानें भराभर लांबवूं लागतें, कीं कसेंही करून शेंडा पाण्याबाहेर निघावा. त्या धडपडींत सांठवलेलें सारें पिष्ट व शर्करा खर्ची पडते. पाणी कमी असेल तर डाव साधतो. जास्त असेल तर रोप पाण्यांतच कंगाल होऊन मरतें, आणि पाणी उतरलें तरी लांबलेलीं निःसत्त्व पानें उभीं राहत नाहींत.

ओडिशाच्या वाणांत याच्या उलट घडतें. इथिलीनची वर्दी पोंचतांच सब-१ए वाचलें जातें आणि तें इतर जनुकांवर हुकमत चालवूं लागतें. पिष्ट फोडणाऱ्या व शर्करा खर्चणाऱ्या प्रथिनांचीं जनुकें दबतात. पेशींच्या भिंती सैल करून त्यांस लांबविणाऱ्या प्रथिनांचीं जनुकेंही गप्प बसतात. वाढीस उत्तेजन देणारें जिबरेलीन नांवाचें संप्रेरक वनस्पतींत असतें. त्यास आवर घालणारीं प्रथिनें याच वेळीं वाढतात, असें २००८ सालीं दिसून आलें. थोडक्यांत, अवर्षणाच्या वर्षीं घरांतील थोरली बाई कोठीच्या किल्ल्या कमरेस खोंचून बसते आणि कोणी कितीही मागितलें तरी मोजूनच दाणा काढते, तसा हा कारभार आहे. रोप वाढ थांबवितें, निपचित पडून राहतें, आणि पाणी उतरल्यावर उरलेल्या शिधोरीवर पुन्हा फुटतें.

या कारभाराचा पसारा केवढा आहे हें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून कळतें. त्यांत कॅलिफोर्नियांतील 'एम २०२' नांवाचा वाण घेतला होता. एक मूळचा, आणि दुसरा अनेक वेळां संकर करून सब-१ तेवढें आणलेला. बाकी दोघेही जुळ्या भावांसारखे. दोघांस एकाच वेळीं बुडवून त्यांच्या नकला ताडून पाहतां, सब-१ए च्या सत्तेखालीं ज्यांचें वाचन बदललें अशीं ८९८ जनुकें निघालीं. जुळ्यांची ही योजना आम्हांस या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. भिन्न घरांतील दोन माणसांची तुलना केली तर फरक शेंकडों निघतात आणि बोध कशाचाच होत नाहीं. एकाच घरांतील जुळ्यांत एवढाच एक फरक ठेवला म्हणजे त्याचें फळ स्पष्ट दिसतें. पुढें २०११ सालीं असेंही आढळलें, कीं हेंच जनुक असलेलीं रोपें कोरड पडल्यावरही अधिक चांगलीं सावरतात. पूर ओसरल्यावर एकाएकीं उन्हांत आलेलें रोप पाण्यावांचून तळमळतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांत विरोध वाटणार नाहीं.

एकदां जागा कळल्यावर पुढचें काम वेगानें झालें. आंध्र प्रदेशांतील मारुतेरू येथें निघालेला 'स्वर्णा' हा वाण पूर्वेकडील प्रांतांत अतिशय लोकप्रिय. पण पुरापुढें हतबल. त्याचा सब-१ असलेल्या रोपाशीं संकर केला, आणि निपजलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशींच. प्रत्येक पिढींत कोंवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून, ज्यांत सब-१ आलें आहे आणि बाकीचा मजकूर जास्तींत जास्त स्वर्णाचा आहे, तेवढींच रोपें ठेवलीं. पूर्वीं असें रोप ओळखण्यास तें बुडवून मरतें कीं जगतें हें पाहावें लागे. आतां पानाच्या तुकड्यावरून तें समजूं लागलें. अशा रीतीनें 'स्वर्णा-सब-१' सिद्ध झाला, आणि २००९ सालीं भारतांत लागवडीसाठीं प्रसृत झाला. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. परकीय जनुक प्रयोगशाळेंत घुसवून केलेल्या पिकांविषयीं पुष्कळांच्या मनांत शंका असतात. त्या खऱ्या कीं खोट्या हा वाद येथें नको. स्वर्णा-सब-१ मात्र त्या जातीचा नव्हे. प्रयोगशाळेंत जनुक घातलें तें केवळ पुराव्याकरितां. शेतांत गेलेला वाण हा भाताचा भाताशीं फुलांतील परागानें झालेला साधा संकर आहे.

या वाणाची परीक्षा ओडिशांतील शेतकऱ्यांच्या शेतांत झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. दहा दिवस पाणी राहिलेल्या शेतांत साध्या स्वर्णापेक्षां नव्या वाणाचें उत्पन्न सुमारें ४५ टक्के अधिक आलें. आणि पूर न आल्यास उत्पन्नांत कांहीं तूट येते असेंही दिसलें नाहीं. परंतु त्याच अभ्यासांत दुसरी एक गोष्ट नमूद आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. ज्या सखल शेतांत पाणी तुंबतें, तीं प्रामुख्यानें ज्यांस खालच्या जाती म्हणून लेखलें गेलें त्या लोकांच्या कसणुकीखालीं आहेत. आपल्यासारख्या घरांत जमिनीच्या वांटणीची चर्चा झाली तर ती भावाभावांच्या दाव्यांपुरती. पण गांवांत चढाची जमीन कोणाच्या वांट्यास यावी आणि खोलगट कोणाच्या, ही वांटणी त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा निवाडा कोणत्याही कोर्टांत झालेला नाहीं. त्यामुळें या वाणाचा सर्वांत अधिक लाभ, ज्यांस आजवर शेतीसुधारणेचा लाभ सर्वांत शेवटीं पोंचत आला, त्यांनाच प्रथम होतो. बियाणें त्यांच्या हातीं पोंचलें पाहिजे, ही अट अर्थात्‌ आहेच, आणि ती प्रयोगशाळेंत सुटणारी नव्हे.

त्याच प्रयोगावरून २०१६ सालीं आणखी एक निष्कर्ष निघाला. ज्यांना हें बियाणें मिळालें त्यांनीं खताचा खर्च वाढविला, अधिक जमीन लागवडीस आणली, आणि कष्टाची असली तरी अधिक फलदायी अशी लावणीची पद्धत धरली. बुडण्याची धास्ती कमी झाली म्हणून हात सैल झाला. दरवर्षीं पीक वाहून जाण्याची भीति असतां शेतकरी खत घालीत नाहीं, यास शहरांतील मंडळी अज्ञान म्हणतात. तो त्याचा हिशेब असतो.

निसर्गानें मात्र पुरावर एकच तोड काढलेली नाहीं. बांगला देश, थायलंड इत्यादि ठिकाणीं महिनेच्या महिने खोल पाणी राहतें. तेथें निपचित पडून राहणारें रोप खचितच मरेल. तेथील खोल पाण्याचें भात एका दिवसांत वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढूं शकतें आणि पाण्याबरोबर वर वर चढत जातें. २००९ सालीं जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्यामागील दोन जनुकें शोधलीं, आणि पाण्याखालीं श्वास घेण्याच्या नळीवरून त्यांस 'स्नॉर्केल' असें नांव दिलें. आश्चर्य हें, कीं हीं जनुकें सब-१ए च्याच कुळांतील असून त्यांसही इथिलीनचीच वर्दी जागें करते. वर्दी तीच, कुळ तेंच. पण एक 'थांब' म्हणतें आणि दुसरें 'धांव' म्हणतें. २०१८ सालीं याहूनही चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. १९६६ सालीं आलेल्या 'आय. आर. ८' या बुटक्या भातानें आशियाची शेती पालटली. तो बुटकेपणा 'एसडी-१' या जनुकाच्या बिघडलेल्या पाठामुळें होता. त्याच जनुकाचा दुसरा पाठ खोल पाण्याच्या भातांत इथिलीनच्या इशाऱ्यानें मोठ्या जोरानें वाचला जातो आणि कांडीं लांबवितो. एकाच पोथीचा एक पाठ हरितक्रांतीस कारण झाला आणि दुसऱ्या पाठावर पूरग्रस्त मुलखानें आपले दिवस काढले.

सब-१ च्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पंधरवडाभर पाण्याखालीं राहणें हा त्याचा बेताचा पल्ला. त्यापुढें भरंवसा नाहीं, आणि पाणी गढूळ असल्यास प्रकाश न पोंचल्यामुळें तो पल्लाही आंखूड होतो. गुडघाभर पाणी दोन-तीन महिने तुंबून राहणाऱ्या शेतांत वाढ थांबविण्याचा हा गुण उपयोगाचा नाहीं. आपल्या कोकणांतील खारजमिनींचें दुखणें तर अगदींच वेगळें: तेथें बुडण्यापेक्षां मीठ जड जातें, आणि त्यावर केरळांतील 'पोक्काली' या देशी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील एका जागेचा आधार घेऊन काम चाललेलें आहे.

दुसरी अडचण पेरणीच्या वेळची. मजुरीचे दर चढल्यापासून लावणी टाळून बीं सरळ शेतांत पेरण्याची चाल वाढत आहे. पण पेरल्याबरोबर मोठा पाऊस होऊन शेत भरलें, तर बीं उगवतच नाहीं. येथें सब-१ ची शिकवण उलट घातक, कारण या घडीस दाण्यांतील पिष्ट जपून ठेवावयाचें नसून भराभर मोडून कोंब वर काढावयाचा असतो. हें काम साधणारें एक जनुक म्यानमारांतील 'खाव ह्लान ऑन' नांवाच्या देशी वाणांत सांपडलें. त्याचें वर्णन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. तें उगवत्या कोंबास अन्न कमी असल्याचा भास करून देतें, आणि त्यामुळें पिष्ट फोडणारीं जनुकें जोरानें वाचलीं जातात. एक जनुक कोठी उघडणारें, दुसरें बंद करणारें. दोन्ही एका रोपांत नांदतील कीं नाहीं ही शंका रास्त होती. इंडोनेशियांतील 'चिहेरांग' या वाणांत दोन्ही आणून पाहिलीं, तेव्हां एकाचा दुसऱ्यास अडथळा होत नाहीं असें आढळलें: पहिलें आपलें काम बीं रुजतांना करतें, आणि दुसरें रोप हिरवें झाल्यावर पुराची वाट पाहत राहतें.